पडद्यावरचा चुना आणि स्टिरॉइडचे थेंब

(प्रस्तावना)

कानाचा पडदा जेमतेम एक सेंटिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड असतो. एवढ्याशा पापुद्र्यावर शल्यवैद्यांनी गेल्या सव्वादोनशे वर्षांत जेवढे उद्योग केले, तेवढे शरीराच्या दुसऱ्या कुठल्या इतक्या लहान जागेवर झाले असतील असे वाटत नाही. त्याला चीर दिली, ती चीर मिटू नये म्हणून नळी बसवली, फाटला तेव्हा ठिगळ लावले, आत ओढला गेला तेव्हा कूर्चेचा टेकू दिला. प्रत्येक वेळी पडद्याने आपल्या परीने उत्तर दिले. ते उत्तर म्हणजे वण. हे पुस्तक त्या वणाबद्दल आहे, आणि तो थोपवण्यासाठी कानात थेट सोडल्या जाणाऱ्या स्टिरॉइडबद्दल.

सुरुवात लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरपासून करावी लागते. घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नळी तुंबल्यामुळे बहिरेपण आलेल्या रुग्णांच्या पडद्याला त्याने भोक पाडले, काहींना तत्काळ ऐकू येऊ लागले, आणि या कामाबद्दल १८०१ साली त्याला रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक मिळाले. पण पडद्याची खोड अशी की भोक टिकत नाही. थोड्याच काळात तो मिटतो आणि रुग्ण पुन्हा पहिल्या जागी येतो. कूपरची अडचण वण फार होण्याची नव्हती, जखम फार लवकर भरण्याची होती. व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलिट्झरने १८६८ मध्ये भोकात कडक रबराची कडी बसवून पाहिली. तीही फारशी टिकली नाही. शेवटी १९५४ साली अमेरिकेत बेव्हर्ली आर्मस्ट्राँगने प्लास्टिकची बारीक नळी बसवण्याची पद्धत मांडली आणि आजच्या ग्रोमेटचा जन्म झाला. लहान मुलांच्या मध्यकर्णात डिंकासारखा चिकट द्रव साचतो, त्यावर हा आजही सर्रास वापरला जाणारा उपाय आहे.

दुसरी वाट फाटका पडदा सांधण्याची. १९५०च्या दशकात जर्मनीत व्युर्ट्सबर्गच्या होर्स्ट वुल्स्टाइन आणि फ्रायबर्गच्या फ्रिट्झ झॉल्नर यांनी टिंपॅनोप्लास्टीची चौकट घालून दिली. त्याच सुमारास शस्त्रक्रियेची सूक्ष्मदर्शक दुर्बीण हाताशी आली, आणि कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून त्याचे ठिगळ लावण्याची रीत पुढच्या काही वर्षांत रुळली. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया किती नेहमीची आहे हे कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाच्या बाकावर तासभर बसले की कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये कान वाहण्याच्या जुनाट आजाराचा आढावा घेतला तेव्हा भारताला सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांच्या गटात ठेवले होते. लहानपणी कान फुटला, तेल घातले, थांबला, पावसाळ्यात परत फुटला. असे करत करत तिशीत ऑपरेशनला येणारे रुग्ण आपल्या डॉक्टरांना पाठ असतात.

आता जखम. त्वचेवर जखम झाली की खालून तांबूस मांस भरत येते आणि त्यावर शेवटी कातडी चढते. पडद्याचे तसे नाही. त्याचे तीन थर आहेत: बाहेर त्वचेचा, आत श्लेष्मल आवरणाचा आणि मध्ये तंतूंचा. मधल्या थरात काही तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे तर काही वर्तुळाकार विणलेले असतात आणि पडद्याचा ताण व मजबुती त्यांच्यामुळेच टिकते. पडदा फाटला की बाहेरचा त्वचेचा थर आधी सरकत येऊन भोकावर पूल टाकतो, आणि तंतूंचा थर मागाहून त्याच्या आधाराने सावकाश येतो. म्हणजे गिलावा आधी आणि भिंत नंतर. हा उलटा क्रम ध्यानात घेतल्याखेरीज या विषयातली निम्मी गुंतागुंत उलगडत नाही, म्हणून इथे थोडे थांबलो.

कारण यातून दोन अगदी विरुद्ध प्रकारचे बिघाड होऊ शकतात. मधला थर नीट आलाच नाही, तर भोक मिटलेले दिसते पण तिथला पडदा सिगारेटच्या कागदासारखा पातळ राहतो. आतली हवा कमी झाली की तो आत ओढला जातो, आणि खड्डा खोल झाला तर पुढे त्याचे वेगळेच दुखणे होते. याउलट मधला थर गरजेपेक्षा जास्त पेटला, तर तिथल्या कोलॅजेनचा एकजिनसी, काचेसारखा गठ्ठा होतो आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फेट साचतात. दुर्बिणीतून तो पांढऱ्या चुन्याच्या डागासारखा दिसतो, पुष्कळदा घोड्याच्या नालेच्या आकाराचा. पडद्यापुरता असेल तर मायरिंगोस्क्लेरोसिस. मध्यकर्णात उतरून हातोडी, ऐरण आणि रिकीब या हाडांना घट्ट धरून बसला तर टिंपॅनोस्क्लेरोसिस. नावे बोजड आहेत, पण केसपेपरवर तीच लिहिलेली असतात, तेव्हा वाचकाने ओळख करून घेतलेली बरी.

ग्रोमेटनंतर हा डाग किती मुलांत उमटतो? २००१ मध्ये के, नेल्सन आणि रोझेनफेल्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र करून जे आकडे काढले त्यांत हे प्रमाण ३२ टक्के आले. पडदा ठिकठिकाणी पातळ होण्याचे प्रमाण २५ टक्के होते. नळी पडून गेल्यावर भोक कायम राहण्याचे प्रमाण अल्पकाळ टिकणाऱ्या नळ्यांत २.२ टक्के आणि दीर्घकाळच्या नळ्यांत १६.६ टक्के. दर तीन मुलांमागे एका मुलाच्या पडद्यावर चुना बसतो हे वाचून पालक दचकतात, आणि ते स्वाभाविकच आहे.

पण इथे मला एक आडवा प्रश्न विचारायचा आहे. त्या डागाने बिघडते काय? पडदा ध्वनीने हलतो तो अतिशय थोडा. ऐकू येण्याच्या सीमेवरच्या बारीक आवाजाला त्याची हालचाल हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी असते. इतक्या नाजूक यंत्रावर चुना बसला तर ऐकणे बंदच पडेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. डाग पडद्यापुरता असेल तर ऐकण्यातला फरक बहुधा इतका किरकोळ असतो की तपासणीच्या आलेखावर शोधावा लागतो. तो डॉक्टरला दिसतो, मुलाला जाणवत नाही. या विषयावरचे बरेचसे संशोधन डागाचे क्षेत्रफळ मोजते, कारण ते मोजायला सोपे आहे, आणि तो कमी झाला की औषध यशस्वी ठरते. रुग्ण मात्र कानात पांढरे दिसते म्हणून आलेला नसतो. ही गफलत वाचकाने सुरुवातीलाच लक्षात घ्यावी असे मला वाटते, कारण पुढे स्टिरॉइडची बाजू तोलताना दुसऱ्या पारड्यात नेमके काय आहे हे ठाऊक हवे.

हाडांवर चुना चढला की मात्र गोष्ट निराळी. रिकीब जखडली तर ध्वनी आतल्या कानापर्यंत नीट पोचत नाही, चाळीस डेसिबलच्या आसपास तोटा होऊ शकतो, आणि तिला सोडवण्याची शस्त्रक्रिया अनुभवी हातांनाही अवघड जाते.

डाग का पडतो, याचा सगळ्यांत रंजक शोध स्वीडनमध्ये लागला. उमिओ येथे मॅटसन, मॅग्नुसन आणि हेल्स्ट्रॉम यांनी १९९०च्या दशकात उंदरांच्या पडद्यांना चीर देऊन काही उंदरांना प्राणवायूचे प्रमाण वाढवलेल्या हवेत ठेवले. त्यांच्यात चुना जास्त साचला. मध्यकर्णात एरवी प्राणवायू बाहेरच्या हवेतल्या २१ टक्क्यांच्या मानाने पुष्कळच कमी असतो. पडद्याला भोक पडले, त्यात नळी बसली, की बाहेरची हवा थेट आत शिरते आणि दुखावलेल्या ऊतीत प्राणवायूचे मुक्त कण उधळतात. हे कण निष्प्रभ करणारी द्रव्ये वरून लावली तेव्हा डाग कमी झाले. नळी न बसवता नुसती चीर दिलेल्या मुलांच्या कानांत चुना कमी का आढळतो, आणि नळीपासून दूरच्या भागातही तो का दिसतो, या दोन्ही निरीक्षणांना हे स्पष्टीकरण चपखल बसते. त्यानंतर तुर्कस्तानातल्या अनेक गटांनी ई जीवनसत्त्व, सेलेनियम, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन असे एकेक पदार्थ उंदरांवर करून पाहिले. उंदराच्या पडद्याइतका संशोधनाला सहनशील पडदा दुसरा नसावा.

स्टिरॉइड या कथेत वेगळ्या दाराने येते. मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिझोन दिले, अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, आणि दोनच वर्षांत केंडल व राइशस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. औषध दाह शमवते हे जितक्या लवकर कळले, तितक्याच लवकर हेही कळले की त्याने जखमा भरायला वेळ लागतो. दोन्ही एकाच कामाची रूपे आहेत. स्टिरॉइड पेशीत शिरून दाह भडकवणाऱ्या रसायनांची निर्मिती रोखते, पांढऱ्या पेशींची गर्दी कमी करते, आणि तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींचा हात आखडता घ्यायला लावते. फुगलेल्या वणात, म्हणजे केलॉइडमध्ये, त्वचारोगतज्ज्ञ ट्रायामसिनोलोनचे इंजेक्शन देतात ते याच शेवटच्या गुणासाठी. मग कानाच्या पडद्यावर तेच का करू नये, हा विचार साहजिक होता.

अडचण अशी की पडद्याला वण नको असला तरी तंतूंचा थर हवा असतो, आणि फायब्रोब्लास्टला तो भेद कळत नाही. चुना टाळायला गेलो आणि पडदा कागदासारखा पातळ राहिला, किंवा भोकच मिटले नाही, तर सौदा तोट्याचा. ही भीती कल्पनेतली नाही. स्वीडनमध्येच स्पांडोव आणि हेल्स्ट्रॉम यांनी उंदरांच्या फाटलेल्या पडद्यांवर हायड्रोकॉर्टिझोन वापरले तेव्हा भोके मिटण्यात अडथळा आला. अमेरिकेत नळी बसवलेल्या मुलांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्विनोलोन गटातल्या प्रतिजैविकांचे, पुष्कळदा स्टिरॉइडसह येणारे, थेंब घातलेल्या मुलांत पडद्याला भोक राहण्याचे प्रमाण जास्त दिसले. त्यावरून पुष्कळांनी स्टिरॉइडलाही दोषी धरले. पण तुलनेसाठी घेतलेल्या निओमायसिनच्या थेंबांत हायड्रोकॉर्टिझोन होतेच, तेव्हा सगळे खापर एकट्या स्टिरॉइडवर फोडता येत नाही. मूळ लेख न वाचता सारांश वाचणाऱ्यांची ही नेहमीची गत आहे.

माझ्या मते म्हणूनच या विषयातला खरा प्रश्न ‘स्टिरॉइड द्यावे की नाही’ हा नाही, तर ‘कुठल्या आठवड्यात’ हा आहे. पडदा सांधल्यावर पहिले काही आठवडे ठिगळ जगायचे असते. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. काठावरून नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत ते आसपासच्या द्रवावर तगते, आणि त्वचेचा थर त्याच्यावरून सरकत जायचा असतो. या काळात फायब्रोब्लास्टला गप्प बसवण्यात शहाणपण नाही. पुढे पडदा मिटल्यानंतर जर कडेला लालसर मांस उठू लागले, पडदा ओलसर राहू लागला, तर तेव्हाचा दाह जखम भरणारा नसतो, जखम लांबवणारा असतो, आणि तिथे थेंबांना खरे काम आहे. ग्रोमेटच्या बाबतीत हिशेब आणखी उलटा, कारण तिथे नळी जागेवर असेपर्यंत भोक मिटावे अशी इच्छाच नसते. ते मिटायचे असते नळी पडल्यावर, साधारण सहा महिने ते वर्षभराने. तोवर सुरुवातीला घातलेल्या थेंबांचा अंमल कधीच ओसरलेला असतो.

पडद्याच्या दुसऱ्या एका वणाबद्दल फार बोलले जात नाही, आणि मला तो चुन्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पडदा आणि कानाची नळी यांच्यामध्ये पुढच्या बाजूला एक टोकदार कोन असतो. शस्त्रक्रियेनंतर तो कोन तंतूंनी भरून येतो, बोथट होतो, आणि पडद्याची पुढची कड जखडली जाते. कधी नवा पडदा हातोडीपासून सुटून बाहेर सरकतो. बाहेरच्या बाजूने ठिगळ लावण्याच्या पद्धतीत हे जास्त घडते. कधी कानाच्या नळीचा आतला तळच मांसाने भरून जातो आणि पडद्यासमोर एक खोटी भिंत उभी राहते. या साऱ्यात ऐकणे कमी होते, रुग्णाला ते कळते, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा टेबलावर जावे लागते. त्यातही वण परत येण्याची धास्ती असते. पण ही भिंत एका दिवसात उभी राहत नाही. आधी काही काळ ती ओली, मऊ, दाणेदार असते. त्याच ओल्या अवस्थेत प्रतिजैविक आणि स्टिरॉइडचे थेंब, जोडीला दुर्बिणीखाली वरचेवर साफसफाई, एवढ्याने ती बऱ्याचदा आटोक्यात येते. एकदा घट्ट झाली की थेंबांचा उपयोग नाही. ऑपरेशननंतरच्या तपासण्या ‘आता दुखत नाही’ म्हणून चुकवणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

थेंबच का, गोळी का नाही? याचे सगळ्यांत ठसठशीत उत्तर नेदरलँड्समधल्या एका चाचणीत आहे. ती वणाविषयी नव्हती, नळी बसवलेला कान वाहू लागल्यास काय करावे याविषयी होती, पण मुद्दा तोच आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २३० मुले होती. दोन आठवड्यांनी कान वाहतच राहिलेल्या मुलांचे प्रमाण हायड्रोकॉर्टिझोन आणि प्रतिजैविकाचे थेंब घातलेल्यांत ५ टक्के, तोंडाने प्रतिजैविक घेतलेल्यांत ४४ टक्के आणि नुसते लक्ष ठेवलेल्यांत ५५ टक्के होते. औषध जिथे हवे तिथेच, दाट मात्रेत पोचले याचा हा परिणाम. आणि ही दाट मात्राही एकूण शरीराच्या हिशेबात क्षुल्लक असते. ०.१ टक्का डेक्सामेथासोनच्या एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असते. चार थेंब म्हणजे पाव मिलिलिटरही नाही. दिवसातून दोनदा घातले तरी अर्धा मिलिग्रॅम भरत नाही, आणि त्यातलेही थोडेच रक्तात उतरते. गोरेपणाच्या क्रीममधल्या स्टिरॉइडने चेहऱ्याची वाट लागलेली पाहिल्यामुळे आपल्याकडे या शब्दाची दहशत बसली आहे. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, पण महिनोन्महिने तोंडाला चोपडलेले मलम आणि आठवडाभराचे कानातले थेंब यांना एका मापाने मोजू नये. आतल्या कानाची काळजी करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की अचानक आलेल्या बहिरेपणात डॉक्टर डेक्सामेथासोनचे इंजेक्शन मुद्दाम पडद्यातून मध्यकर्णात देतात.

घातक ठरू शकतो तो थेंबांमधला सोबती. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी प्रतिजैविके फाटक्या पडद्यातून आत गेली तर आतल्या कानाच्या पेशींना इजा करू शकतात. पडदा शाबूत असताना दिलेली जुनी बाटली ऑपरेशननंतर कपाटातून काढून वापरणे म्हणूनच धोक्याचे. दुसरा धोका बुरशीचा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने कान कोरडा राहत नाही. त्या ओलाव्यात स्टिरॉइड आणि प्रतिजैविक यांचे थेंब आठवड्यांमागून आठवडे चालू ठेवले की जंतूंची वस्ती हटते आणि अ‍ॅस्परजिलस किंवा कँडिडा यांना मोकळे रान मिळते. कान खाजतो, आत ओल्या कागदासारखा काळा-पांढरा लगदा साचतो, रुग्णाला वाटते आजार उलटला आणि तो थेंब वाढवतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या काही मिश्रणांत बेक्लोमेथासोनसोबत बुरशीवरचे क्लोट्रिमॅझोल, क्लोरॅम्फेनिकॉल आणि भूल देणारे लिग्नोकेन एकत्रच असते. असे सर्वरोगहारी मिश्रण चिठ्ठीशिवाय नेणारे कमी नाहीत. कान नक्की कशाने बरा झाला किंवा कशाने बिघडला, हे मग डॉक्टरलाही सांगता येत नाही.

थेंब घालण्याच्या पद्धतीबद्दल दोन शब्द इथेच सांगतो, कारण पुढच्या शास्त्रीय चर्चेत ते हरवतील. बाटली आधी मुठीत धरून अंगाच्या उबेइतकी करावी. थंड थेंब आत गेले की आतल्या कानातला द्रव ढवळला जाऊन गरगरते, आणि रुग्ण औषधाला नावे ठेवतो. कुशीवर झोपून थेंब घालावेत, ग्रोमेट असेल तर कानाच्या तोंडाशी असलेला कूर्चेचा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबावा म्हणजे औषध नळीतून आत उतरते, आणि काही मिनिटे तसेच पडून राहावे. नव्याने ठिगळ लावलेल्या कानात मात्र हा दाब द्यायचा की नाही, आणि थेंब कितव्या दिवसापासून सुरू करायचे, हे ज्याने ठिगळ लावले त्यालाच विचारावे. कानात भरलेला जिलेटिनचा स्पंज विरघळायचा असेल तर तो दिवस वेगळा असतो, आणि पट्टीची फीत काढायची असेल तर वेगळा.